परागंदा: गळा आणि गिटारच्या मैफिलीच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

स्वरूप ठरलं. एक गायिका (मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीचा स्त्री-आवाज), एक क्लासिकल गिटार, विषय ज्यू लोकांचं परागंदा होणं आणि त्यातून उरलेली गाणी. पुण्यात १२० खुर्च्यांचं सभागृह, मध्यंतर नाही, एकूण वेळ तासाभराच्या आत. रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०.

वार निवडताना शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार आधीच बाद केले. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो. ज्यांच्या वारशावर मैफल आहे त्यांनाच येता येऊ नये, हे चालणार नाही. यंदा २२ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून १५ ऑक्टोबरपर्यंत रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ, सिम्हाथ तोरा हे ज्यू सण ओळीने आहेत आणि लगेच दिवाळी. म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध.

गाण्यांची पहिली यादी तीन काळांतून. १०९० मध्ये अल्मोराविदांनी (मोरोक्कोकडून आलेलं मुस्लिम राजघराणं) स्पेनमधलं ग्रानादा घेतल्यावर तिथून निघावं लागलेला हिब्रू कवी मोशे इब्न एझ्रा. १४९२ मध्ये स्पेनमधून काढलेल्या सेफार्दी ज्यूंची लादिनो (त्यांनी बरोबर नेलेली जुनी स्पॅनिश) गाणी. आणि चेक प्रदेशातल्या तेरेझिनच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इल्झे वेबरने रचलेली गाणी. मध्ये गायिकेच्या गळ्याला विश्रांती म्हणून एक एकल गिटार रचना.

१० ऑगस्ट, रविवार

शीर्षकावर दोन तास गेले, ते सत्कारणी लागले असं वाटतं.

पहिला शब्द सुचला ‘वनवास’. तो बाद. मराठी कानाला वनवास म्हटलं की चौदा वर्षं आणि शेवटी अयोध्या ऐकू येते. मुदत ठरलेली, परत येणं ठरलेलं. इथे तसं काहीच नाही. ‘हद्दपारी’ हा सरकारी हुकमाचा शब्द. १४९२ ला तो चपखल बसतो, कारण ३१ मार्चचा लेखी फर्मान होता आणि जुलैअखेरची मुदत होती. इब्न एझ्राला कोणी हुकूम बजावला नव्हता. राज्य बदललं, घराणं मोडलं आणि तो उत्तरेच्या ख्रिस्ती राज्यांत भटकत राहिला. त्याला ‘परागंदा’ हाच शब्द. वेबरसाठी तर यातला एकही पुरत नाही. तिला घराबाहेर काढून कोंडलं होतं. तिथे सरळ ‘कैद’ लिहायचं.

निर्णय: मैफिलीचं नाव ‘परागंदा’. पण निवेदनात आणि अनुवादात प्रत्येक गटाला त्याचा स्वतःचा शब्द. तीन वेगळी दुःखं एकाच हुंदक्यात गायची नाहीत. गाण्याचा वेग, आवाजाचा पोत, गिटारचा आघात, सगळं याच कसोटीवर तपासायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हक्कांचं काम. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून.

मारिओ कास्तेलनुओव्हो-तेदेस्को १९६८ मध्ये वारले, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत हक्क आहेत. इब्न एझ्राच्या कवितांवरची त्यांची गीतमाला (ओपस २०७, १९६६) मुळातच गळा आणि गिटारसाठी आहे, त्यामुळे फक्त सादरीकरणाचा परवाना आणि छापील प्रत लागेल. प्रती दोन विकत घ्यायच्या. झेरॉक्सवर वाजवायचं नाही. आपल्याकडे तिकीट आहे, त्यामुळे हौशी मंडळांच्या विनामूल्य कार्यक्रमाला मिळणारी सूट लागू होत नाही.

होआकिन रोद्रिगोची चार सेफार्दी गाणी (१९६५) फार घ्यायची होती. शब्द त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया कामी यांनी जुळवलेले, आणि त्या स्वतः इस्तंबूलच्या सेफार्दी घराण्यातल्या. पण मूळ साथ पियानोची आहे. रोद्रिगो १९९९ मध्ये वारले, तेव्हा गिटारवर उतरवायचं तर रूपांतराची लेखी परवानगी हवी. नोव्हेंबरच्या आत ती मिळेल याची खात्री नाही. गाणी वगळली.

लादिनो गाणी पारंपरिक आहेत, पण कुणी छापलेली मांडणी उचलली तर त्या मांडणीवर हक्क असतो. म्हणून फक्त चाल घ्यायची, साथ स्वतः बांधायची. इल्झे वेबरचे शब्द-सूर १९४४ नंतर ६० वर्षांनी मोकळे झाले. तिथेही नव्या आवृत्तीतल्या साथी संपादकांच्या आहेत, हे विसरायचं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

गिटारची तब्येत. खोलीतली आर्द्रता ८२ टक्के. वरची लाकडी पाटी फुगून, तारा टेकतात त्या पुलामागे किंचित वर आली आहे. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सहाव्या तारेची उंची ४ मिलिमीटर असायची, ती ४.५ भरली. परिणाम लगेच कळतो: वरच्या फ्रेटवर तार दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढा लागतो. डावा हात वीस मिनिटांत थकतो तो वेगळा.

खुंटी-पुलाला हात लावायचा नाही. हवा सुकली की पाटी बसते. पावसाळ्यात पूल कानशीने घासला तर डिसेंबरात तारा फ्रेटवर खडखडतील. पेटीत ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पिशव्या आणि एक आर्द्रतामापक ठेवला. लक्ष्य ५० टक्के. मणी नारिंगीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवायचे, रंग परत येतो. ४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, तिथे पाटीला चीर पडण्याची भीती सुरू होते.

३ सप्टेंबर, बुधवार

गणेशोत्सव आहे, त्यामुळे संध्याकाळी ध्वनिमुद्रण शक्य नाही. उच्चारांचं काम घेतलं.

लादिनोला आजच्या माद्रिदच्या स्पॅनिशसारखं म्हणणं ही सर्रास होणारी चूक. घर सोडताना जी भाषा बरोबर नेली तिच्यातले जुने उच्चार तुर्कस्तान आणि बाल्कनमध्ये टिकले, स्पेनमध्ये बदलले. म्हणून ‘मुलगा’ हा शब्द घशातून खरवडून ‘इखो’ म्हणायचा नाही, फ्रेंच ज सारखा मऊ ठेवायचा. ‘म्हणाला’ ला ‘दिशो’. जीभ दातांत धरून काढायचा थ तर अजिबात नाही. ब आणि व वेगळे.

‘आदिओ केरिदा’ मधल्या पहिल्या शब्दाला शेवटी स नाही, ती छपाईची चूक नाही. देवाला स्पॅनिशमध्ये ‘दिओस’ म्हणतात. सेफार्दींना तो शेवटचा स अनेकवचनासारखा वाटला, आणि देव तर एकच, म्हणून ते ‘एल दिओ’ म्हणतात. गायिकेच्या प्रतीवर हे शब्दाच्या डोक्यावर लिहून ठेवलं. स लागला की अर्थही गेला आणि इतिहासही गेला.

उच्चारांची प्रत देवनागरीत केली. जीवातला ज आणि जागेतला ज यांत मराठी माणूस फरक करतोच, तिथे खूण लागत नाही. फ्रेंच पद्धतीच्या ज खाली मात्र लाल टिंब.

१४ सप्टेंबर, रविवार

लादिनो गटाची मांडणी. आधी एक गैरसमज दूर करावा लागला, कारण तो मांडणीच बिघडवत होता. ही गाणी ‘मध्ययुगीन स्पेनमधून जशीच्या तशी आली’ असं कार्यक्रमांत सांगतात. काही कथागीतांचे शब्द जुने आहेतही. पण आज गायल्या जाणाऱ्या बहुतेक चाली ऑटोमन मुलखात, बऱ्याचशा एकोणिसाव्या-विसाव्या शतकात घडल्या. ‘आदिओ केरिदा’ची चाल व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हिआता’तल्या (१८५३) एका निरोपाच्या गाण्याशी इतकी जुळते की कान टवकारतात. ‘ला रोसा एन्फ्लोरेसे’ची चाल शब्बाथच्या जेवणानंतरच्या एका हिब्रू स्तोत्रालाही लावतात. म्हणजे लोक काढून दिले गेले आणि जिथे गेले तिथलं ऐकत, उचलत, गात राहिले. आम्हाला हे ‘जसंच्या तसं टिकलं’ यापेक्षा मोठं वाटतं.

दुसरं: गिटार. स्पेन म्हणजे गिटार हे समीकरण इथे लावता येत नाही. ही गाणी बायका घरात, लग्नात, बाळंतिणीपाशी बिनसाथीची किंवा पांदेरो नावाच्या डफावर गात. गिटारची साथ ही विसाव्या शतकातल्या मैफिलींची सवय. म्हणून सुरुवात ‘उना मातिका दे रुदा’ ने, पूर्ण बिनसाथीची. गिटारवादक मंचावर बसलेला, हात तारांवरून काढलेले.

बिनसाथीत धोका एकच: चार कडव्यांत सूर घसरतो. आज शेवटपर्यंत पाव स्वर उतरला होता, आणि पुढच्या गाण्याचा पहिला कॉर्ड कानात खुपला. उपाय दोन. गायिका सुरुवातीचा सूर गिटारच्या मोकळ्या डी वरून (चौथी तार) घेणार, मंचावर येण्याआधी आत. आणि पुढच्या गाण्याआधी गिटारची आठ मात्रांची एकट्याची सुरावट, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानातला जुना सा पुसला जातो.

‘ला रोसा’ डी मायनरमध्ये, सहावी तार ई वरून डी वर उतरवून. ‘आ ला उना यो नासी’ त्याच जुळणीत. ‘आदिओ’ ए मायनरमध्ये, तिथे सहाव्या तारेचं काम नगण्य, त्यामुळे गट संपेपर्यंत खुंटीला हात लावायला नको.

हिजाज (तुर्की-अरबी संगीतातली एक स्वररचना) वळणाच्या जागा सगळ्यात नाजूक. तिथला दुसरा स्वर गिटारच्या फ्रेटवर नाही. भैरवातला आंदोलित कोमल रिषभ हार्मोनियमवर दाबून बघा, तीच अडचण. पहिल्या मांडणीत गिटार गळ्याबरोबर तोच स्वर वाजवत होती आणि गायिका नकळत फ्रेटवर येऊन बसत होती. तो स्वर गिटारमधून काढून टाकला. खाली फक्त सा-प ची जोडी, तंबोऱ्यासारखी, सावकाश. गळा मोकळा झाला.

२८ सप्टेंबर, रविवार

कास्तेलनुओव्हो-तेदेस्कोंची गीतमाला. सगळ्यात जास्त कष्ट इथेच आहेत.

गीतमालेच्या नावातला ‘दीवान’ हा शब्द मराठी वाचकाला समजावावा लागत नाही, गालिबचा जसा दीवान तसाच इब्न एझ्राचा. हिब्रू भाषा, अरबी वृत्तं, अंदालुसियाच्या बागा. या कवितांचा इंग्रजी अनुवाद फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॉलोमन सोलिस-कोहेन यांनी केला, १९३४ मध्ये छापला. संगीत दिलं फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या माणसाने, ज्याचं घराणं स्पेनमधून हकालपट्टी झाल्यावर तोस्कानात आलं असं सांगतात. १९३८ च्या इटलीच्या वंशकायद्यांनी त्याचं काम थांबवलं. १९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियात राहिला. म्हणजे ग्रानादाच्या परागंदा कवीला सूर मिळाला तो बेव्हर्ली हिल्समध्ये राहणाऱ्या परागंदा माणसाकडून, आठेकशे वर्षांनी.

एकूण १९ गाणी, पाच भाग आणि एक उपसंहार. सगळी घेतली तर चाळीसेक मिनिटं. आम्ही आठ निवडली: भटकंतीची पहिली तिन्ही, मैत्रीच्या भागातली ‘फेट हॅज ब्लॉक्ड द वे’ आणि ‘ओ ब्रूक’, बागेचं ‘द गार्डन डॉन्स अ कोट ऑफ मेनी ह्यूज’, थडग्यांवरचं ‘आय बिहोल्ड एन्शंट ग्रेव्ह्ज’, आणि उपसंहार. बागेचं गाणं काढा असा एक विचार आला होता, विषयाशी सुटं वाटतं म्हणून. ठेवलं. बाग दिसल्याशिवाय बाग सुटल्याचं दुःख कळत नाही.

‘ओ ब्रूक’ मध्ये कवी ओढ्याला सांगतो की दूरच्या मित्राला माझा निरोप ने. मेघदूत वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल, तिथला यक्षही हाकलून दिलेलाच आहे. फरक इतकाच, यक्षाला वर्षाची मुदत होती.

गिटारचे प्रश्न. कास्तेलनुओव्हो-तेदेस्को पियानिस्ट. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाच्या ओळखीनंतर, १९३२ पासून त्यांनी गिटारसाठी ढिगाने लिहिलं, पण स्वतः गिटार वाजवत नसत. त्यामुळे कागदावर सुरेख दिसणारे चार-पाच स्वरांचे कॉर्ड हातात येत नाहीत. आमचा क्रम असा: खालचा खर्ज आणि वरची सुरावट पक्की धरायची. मधल्या स्वरांपैकी जो गळ्यात आधीच आहे तो गिटारमधून आधी काढायचा. मग दुहेरी आलेला पंचम. तिसरा स्वर शेवटपर्यंत सोडायचा नाही, तो गेला की कॉर्ड हसतोय की रडतोय कळत नाही. असं केल्यावर आठ गाण्यांत ३१ ठिकाणी एकेक आणि ६ ठिकाणी दोन स्वर काढले. प्रत्येक जागा पेन्सिलीने, पेनने नाही. हवा सुकल्यावर आणि तार खाली बसल्यावर त्यातल्या काही परत घालता येतील.

गायिकेकडून: इंग्रजी जुन्या धाटणीचं आहे आणि मराठी तोंडाला त्यातले शेवटचे त, द कठीण टाळूवर आपटायची सवय आहे. ट-ड नको, जिभेचं टोक दाताच्या मुळाशी. ‘ग्रेव्ह्ज’ मधला व ओठ मिटून नाही, खालचा ओठ वरच्या दातांना लावून.

९ ऑक्टोबर, गुरुवार

इल्झे वेबर. तीन गाणी: ‘इश वांड्र दुर्श थेरेझिएनस्टाट’, ‘उंड देअर रेगन रिन्ट’, ‘व्हीगाला’.

निवेदनात काय सांगायचं ते आधी पक्कं केलं, कारण तिच्याबद्दल ऐकीव गोष्टी फार फिरतात. जन्म १९०३, व्हित्कोव्हित्से. मुलांसाठी लिहायची, गिटार वाजवायची. मोठ्या मुलाला १९३९ मध्येच परदेशी पाठवलं, तो वाचला. १९४२ मध्ये तेरेझिनला नेलं. तिथे आजारी मुलांच्या दवाखान्यात काम, औषधं नाहीत, गिटारवर गाणी. सुमारे ६० कविता तिथल्या. नवरा व्हिली याने कागद तेरेझिनमध्येच अवजारांच्या कोठीत पुरून ठेवले आणि युद्धानंतर परत येऊन काढले. इल्झे आणि धाकटा मुलगा टॉमी ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झला मारले गेले. बस, इतकंच सांगायचं. काही सूर कागदावर नव्हते, वाचलेल्यांच्या आठवणीतून उतरवले गेले, हेही सांगायचं, म्हणजे वेगवेगळ्या आवृत्त्यांत फरक का दिसतो ते कळेल.

साथ बांधताना मोह आवरला. मूळ साथ एका परिचारिकेने रात्रपाळीत वाजवण्याजोगी आहे. तिच्यावर मैफिलीचे अलंकार चढवले की गाणं मरतं. मोकळ्या तारांचे साधे कॉर्ड, अंगठा आणि तीन बोटं, कडव्यांच्या मध्ये सजावट नाही. गळ्याच्या सोयीसाठी कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर. कॅपो लावला की तारा चढतात, विशेषतः तिसरी. लावल्यावर परत जुळवायची, त्यासाठी २० सेकंद धरले. कॅपो फ्रेटच्या तारेला अगदी चिकटवून, सैल दाबाने लावला तर चढ कमी होते.

‘व्हीगाला’ अंगाई आहे. पहिल्या तीन तालमींत ती शोकगीतासारखी संथ झाली, कारण गाणाऱ्याला शेवट माहीत आहे. दवाखान्यातल्या पोराला झोपवायचं होतं. पाळण्याच्या दोरीचा झोका जितका वेळ घेतो तितकाच वेग. जुना पाळणा डोळ्यांसमोर आणून मोजला, आधीच्या वेगापेक्षा बराच पुढे गेला. शेवटच्या कडव्यात आवाज लहान करायचा, वेग नाही. श्वासाचा आवाज आला तरी चालेल.

जर्मन उच्चार: ‘इश’ मधला शेवटचा ध्वनी आपल्या श पेक्षा मऊ, हसऱ्या ओठांनी काढलेला ह. शब्दाच्या शेवटी र ठणकावायचा नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

एकल रचना ठरली: आलेक्सांद्र तान्समान यांच्या ‘काव्हातिना’ तले प्रेल्युदिओ आणि बार्कारोला. लोद्झला जन्म (१८९७), मग पॅरिस, १९४१ मध्ये अमेरिका, १९४६ मध्ये पॅरिसला परत. या मैफिलीत परत जाता आलेला हा एकटाच. १९४५ मध्ये लॉस एंजेलिसला सादर झालेल्या ‘जेनेसिस सूट’ मध्ये कास्तेलनुओव्हो-तेदेस्को आणि तान्समान दोघांचाही एकेक भाग आहे, म्हणून दोघांना शेजारी ठेवलं. एकूण ७ मिनिटं. तेवढ्यात गायिकेने बसून राहायचं, आत जायचं नाही. आत गेलं की लोक उठतात.

२६ ऑक्टोबर, रविवार

पडद्यावरचा मराठी अनुवाद. ११२ पाट्या झाल्या. एका पाटीवर दोनच ओळी, ओळीत जास्तीत जास्त ३२ अक्षरं. काळी पार्श्वभूमी, फिकट साईच्या रंगाची अक्षरं, प्रोजेक्टरचा उजेड ६० टक्के, नाहीतर गायिकेच्या तोंडावर पडद्याचा उजेड पडतो.

अडचण व्याकरणाची. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी. गायिका ‘मेले’ गाते तेव्हा पाटीवर तो शब्द दुसऱ्या ओळीच्या टोकाला, आणि प्रेक्षकाने तो आधीच वाचून टाकलेला. त्यामुळे वाक्य सुबक करण्याऐवजी गाण्याच्या ओळींच्या क्रमाने तोडलं. जिथे कळीचा शब्द उशिरा येतो तिथे पाटीच दोन केल्या. ‘गेले, सगळे सोबती’ असं उलटं वाक्य मराठीत चालतं, ओवीत तर हमखास असतं.

वेबरच्या गाण्यात ‘घरी’ या अर्थाचा शब्द येतो. आधी ‘घराकडे’ लिहिलं होतं. ‘घरी’ केलं. घराकडे म्हणजे वाट, घरी म्हणजे पोचणं. तिला पोचायचं होतं.

पाट्या सरकवणाऱ्याला स्वरलिपी वाचता यायला हवी. त्याच्या प्रतीवर प्रत्येक पाटीचा क्रमांक, आणि नियम: श्वासावर नाही, शब्दाच्या पहिल्या स्वरावर सरकवायची. गिटारच्या एकट्या जागी कोरी काळी पाटी.

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्यक्रम-पत्रिकेचा मजकूर. महाराष्ट्र आणि गोव्याचा धागा घालायचा की नाही यावर बरीच चर्चा.

बेने इस्राएलींचं (कोकणातले मराठीभाषक ज्यू) मराठी कीर्तन गिटारवर घ्यावं अशी सूचना होती. नाकारली. पहिलं कारण संगीताचं: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजात रुजलेलं ते कीर्तन आख्यान, पद, साकी-दिंडीच्या चालीवर उभं आहे. त्याला कीर्तनकार लागतो, गिटारवर ते नुसतं पद उरेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली ही त्यांची परंपरेची कथा. पुढे ते रायगडच्या गावांत तेलघाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ झाले, पेणकर-केहिमकर झाले. इथून त्यांना कोणी हाकललं नाही. १९४८ नंतर बहुतेकजण इस्राएलला गेले ते आपल्या निर्णयाने. त्यांना ‘परागंदा’ या शीर्षकाखाली बसवणं खोटं ठरेल. त्यांच्या गाण्याची मैफल वेगळी व्हावी आणि त्यांनीच करावी.

दोन खरे धागे मात्र पत्रिकेत घेतले. गार्सिया द ओर्ता: स्पेनमधून पोर्तुगालला पळालेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, धर्मांतर केलेलं कुटुंब, १५३४ मध्ये गोव्याला. इथल्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने (चर्चचं धर्मन्यायालय) जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. १४९२ चा हात गोव्यापर्यंत पोचला तो असा.

दुसरा वॉल्टर काउफमान: कार्ल्सबादचा जन्म, १९३४ मध्ये मुंबईला आला, पुढे आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख. आकाशवाणीची सकाळची ती धून त्याची मानली जाते. आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं दिवस ज्या सुराने उघडला, तो युरोपात जागा न उरलेल्या माणसाकडून आला. त्याची गिटार-रचना आपल्याकडे नाही, म्हणून फक्त मजकुरात चार ओळी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सभागृहाची पाहणी. टाळी वाजवून बघितली, गुंज कमी. पडदे आणि गाद्या सगळं खातात. मागचे मखमली पडदे बाजूला करून भिंत उघडी केली, आणि गिटारवादकाच्या पायाखालचा गालिचा काढला. लाकडी फळीवर गिटारचा खर्ज चौथ्या रांगेपर्यंत स्पष्ट आला.

वातानुकूलन यंत्राची घरघर मात्र मोठी. यंत्राचा हुंकार १०० हर्ट्झला, आणि गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, जणू तार बेसूर आहे. तार पुन्हा पुन्हा जुळवण्यात दहा मिनिटं वाया गेली, मग यंत्र बंद केल्यावर कळलं. ठरलं: ५.३० पर्यंत सभागृह पूर्ण थंड करायचं, ६.२५ ला यंत्र आणि पंखे बंद. नोव्हेंबरची संध्याकाळ आहे, तासभर निभेल.

गायिका गिटारवादकाच्या डावीकडे, मानेच्या टोकापासून एक मीटरवर, अर्धं पाऊल मागे. वादकाची नजर डाव्या हातावर जातेच, तिथूनच गायिकेचा श्वास दिसतो. उजवीकडे उभं करून बघितलं, तर प्रत्येक वेळी मान फिरवावी लागते आणि सुरुवात एक केसभर उशिरा येते.

गळ्याला माइक नाही. गिटारला एकच कंडेन्सर, बाराव्या फ्रेटच्या समोर ४५ सेंटिमीटरवर, आणि वादकाच्या मागे एक लहान स्पीकर. आवाज इतकाच वाढवायचा की बंद केल्यावरच होता हे कळावं. माइक आवाजाच्या भोकासमोर नको, तिथे खर्ज घुमतो आणि वरच्या तारा पातळ होतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तारा आज बदलल्या, मैफिलीच्या पाच दिवस आधी. नायलॉन ताणून बसायला तीन-चार दिवस घेतं, आदल्या दिवशी बदलल्या तर दर गाण्याला उतरत राहतात. खोलीत आर्द्रता ५१. सहाव्या तारेची उंची ४.१ वर आली. काढलेल्या ४३ स्वरांपैकी ९ परत घातले.

उजव्या हाताच्या अनामिकेचं नख कोपऱ्यावर चिरलं. सुपरग्लूचा एक थेंब, वर टिश्यू पेपरचा एक पदर, वाळल्यावर पुन्हा थेंब, मग बारीक पॉलिश पेपर. नख बोटाच्या पुढे दीड मिलिमीटर. त्याहून जास्त ठेवलं तर वेबरच्या साध्या कॉर्डमध्ये टिकटिक येते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी पूर्ण तालीम, सूर्यास्ताच्या आत संपवली. वेळा: बिनसाथीचं ३ मिनिटं, लादिनो तीन १०.३०, दीवान १८.३०, तान्समान ७, वेबर ९. निवेदन आणि जुळणी धरून ५७ मिनिटं.

सहावी तार डी वरून ई वर चढवल्यावर पुढची दोन-तीन मिनिटं ती उतरत राहते. दीवानच्या दुसऱ्या गाण्यात खर्ज खाली गेला. आता चढवल्यावर बोटाने दोनदा ताणायची, परत चढवायची, आणि तेवढ्या वेळात गायिकेचं निवेदन ९० सेकंदांचं. निवेदन लहान करायचा मोह होता. तारेसाठी ते तेवढंच हवं.

पाटी क्रमांक ४७ आणि ४८ ची अदलाबदल सापडली, दुरुस्त केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

खुर्च्या १२० पैकी ९४ भरल्या. ६.३४ ला सुरुवात.

बिनसाथीचा सूर शेवटी जेमतेम एक श्रुती उतरला, आठ मात्रांच्या सुरावटीने सांभाळलं. ‘ओ ब्रूक’ मध्ये बाहेर एक मोटारसायकल, दोन ओळी गेल्या, थांबलो नाही. थडग्यांच्या गाण्यात पाटी एक सेकंद आधी आली. बाकी पाट्या वेळेवर. कॅपो लावल्यावर तिसरी तार २० सेकंदांत जुळली नाही, ३५ लागले, पण तोवर सभागृह पूर्ण शांत होतं, त्यामुळे घाई केली नाही.

‘व्हीगाला’ ठरल्या वेगात झालं. शेवटचा स्वर मोकळ्या तारांवर सोडला आणि तारा हाताने दाबल्या नाहीत, आपोआप विझू दिल्या, साधारण सात सेकंद. जादा गाणं घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं, घेतलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ध्वनिमुद्रण ऐकलं. दीवानच्या तिसऱ्या गाण्यात गिटार गळ्यावर चढते. माइकची पातळी नाही, हाताचा जोर. तिथे उजवा हात फ्रेटबोर्डकडे दोन बोटं सरकवून पुन्हा मुद्रित करून बघायचं.

लादिनोच्या एका कडव्यात ‘दिशो’ चं ‘दिखो’ झालं आहे. प्रतीवर दुसरं लाल टिंब दिलं.

कामाची प्रत, काढलेल्या-घातलेल्या स्वरांची यादी आणि ११२ पाट्यांची फाइल एकत्र ठेवली. छापील प्रतींच्या पावत्या आणि सादरीकरणाच्या परवान्याची नक्कल त्याच पाकिटात. गिटारच्या पेटीत आर्द्रता ४४, सिलिका जेलच्या पिशव्या काढून ओल्या स्पंजची डबी ठेवली.

रोद्रिगोच्या चार गाण्यांच्या रूपांतरासाठी परवानगीचं पत्र आज पाठवलं.